खंडेनवमीची रॅकेट

आमच्याकडं टेनिसची एक रॅकेट आहे, तिला आजवर चेंडूपेक्षा हळद-कुंकूच जास्त लागलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी काटेवाडीची, बारामतीच्या कॉलेजात बारावीला. टेनिस खेळायचे. (का, ते विचारू नका. कोर्ट रिकामं असायचं, एवढंच!) दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंदापूरला निवडीचा सामना होता. जिंकले तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा, तिथंच खेळ आणि तिथंच पुढचं कॉलेज. हरले तर इंदापूरचंच एक स्थळ. अण्णांनी दोन्हीकडं बोलणी लावून ठेवली होती. हुशार माणूस!

अण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या डेअरीवर दूध मोजून घ्यायचे. दुधात पेलाभर पाणी असलं तरी त्यांना कॅनचं झाकण उघडताच कळायचं, आणि मग समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

नवरात्राच्या शेवटाला मामा पुण्याहून आला. तो तिथं ड्रायव्हर. कुणा परदेशी खेळाडूला त्यानं गाडीतून हिंडवलं होतं, आणि त्या बाबानं खूश होऊन जाताना आपली रॅकेट याला देऊन टाकली होती.

“दाजी, ही खेळाडूची हाय,” मामा म्हणाला. “दुकानात हुबेहूब अशीच मिळती. रंग तोच, नाव तेच. पण आत माल येगळा! कंपनी खेळाडूला त्याच्या हाताजोगी करून देती, वरनं रंग मातुर दुकानातलीचा मारती. लोकांना वाटतं, आपल्याकडं बी तीच हाय.”

अण्णा ताडकन उठले. “म्हंजी सुमीला आजवर आपण पाणी घातल्यालं दूध पाजलं व्हय रं?”

माझी बिचारी दुकानातली रॅकेट खुंटीवर लटकत होती. तिच्यावरच मी तालुका जिंकला होता. पण ऐकतंय कोण! दोन्ही रॅकेटी डेअरीच्या काट्यावर चढल्या. दुकानातलीनं काटा जेमतेम हलवला. खेळाडूची ठेवली तसा तो चांगला पुढं सरकला आणि दूध घालायला आलेली सगळी रांग “आरारारा!” म्हणाली.

“अण्णा, मला जड जाईल ती.”

“जड म्हंजी कसदार,” अण्णा म्हणाले. विषय संपला.

निघताना मामानं एकच बजावलं, “दाजी, तारांना पाणी लागू देऊ नगा. पाऊस आला की खेळाडू आधी हिला झाकत्यात, मग सोताला.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी! त्या दिवशी आमच्यात अवजारांची पूजा. कोयता, खुरपी, डेअरीचा काटा, पणजोबांची लोकर कातरायची कात्री, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं. त्या वर्षी मधोमध पाटावर रॅकेट बसली. अण्णांनी तांब्या उचलला.

“अण्णा! मामा काय म्हणाला?”

“त्यो पावसाचं म्हणाला. देवाचं पाणी म्हंजी पाणी व्हय?”

बरं, पाण्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. वरून पंचामृत! जन्मभर लोकांच्या दुधातलं पाणी पकडणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं दूध, दही, तूप, मध आणि साखर माझ्या तारांवर ओतली. आणि पूजेला मांडलेलं अवजार दसरा सरेपर्यंत उचलायचं नाही, म्हणून सरावही बंद.

दसऱ्याला सोनं वाटून घरी आले, तर रॅकेटवर लाल मुंग्यांची जत्रा! मी किंचाळले. आई धावत आली. आई फारशी देवभोळी नाही, पण स्वच्छतेची भारी. तिनं रॅकेट बंबाच्या कढत पाण्यानं खसाखसा घासली आणि सुकावी म्हणून चुलीवर टांगली. मी रडकुंडीला आले.

“रडतीस कशाला? चकाचक झाली की!” आई म्हणाली.

सकाळच्या एसटीनं अण्णा आणि मी इंदापूरला पोचलो. जुनी रॅकेट मी गुपचूप पिशवीत घातली होती. (तेवढी अक्कल मला होती.) माझ्यासमोर शबाना होती, इंदापूरच्या बांगडीवाल्याची मुलगी. सामन्याआधी हात मोकळे करतानाच तिची रॅकेट दांड्यातून मोडली आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. अण्णांना पोरींचं रडणं बघवत नाही. (माझं सोडून.) त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला.

“घे पोरी. आमाला आता काय करायची ही दुकानातली!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार?

खोटं कशाला बोलू? खेळाडूची रॅकेट खरंच भारी होती. खांदा निखळत होता, पण चेंडू असा जायचा की शबाना नुसती बघत राहायची. पहिले दोन्ही गेम मी घेतले. तिसऱ्यात ‘टण्ण’ झालं. पुन्हा ‘टण्ण’. मग चेंडू रॅकेटमधून आरपार जाऊन माझ्याच कपाळावर बसला!

पंचांनी रॅकेट हातात घेतली, हुंगली. “हिला तुपाचा वास कसा येतोय?”

अण्णांनी अभिमानानं पूजा सांगितली.

“अहो, ही तारांची गटिंग जनावराच्या आतड्याची असते! पाण्यानं वाट लागते तिची.”

अण्णांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला. “आतड्याची? आन् म्या पाटावर बसवली?” माझं पुणं गेलं होतं, आणि या माणसाला पाट बाटल्याचं दुःख!

शबाना माझी जुनी रॅकेट पुढं करत जाळीपाशी आली. “सुमे, ही तुझीच हाय. घे की.”

मी हात पुढं केला.

“न्हाय!” अण्णा ओरडले. “दिल्याली वस्तू माघारी घ्यायची आपल्यात रीत न्हाय!”

“आणि एका रॅकेटवर दोघी खेळणार कशा?” पंच म्हणाले. कुणीतरी पळत जाऊन माझ्यासाठी दुसरी रॅकेट आणली. बॅडमिंटनची! पंचांनी शबानाचा हात वर केला.

शबाना पुण्याला गेली, माझी रॅकेट घेऊन. मी उन्हाळ्यात इंदापूरला आले, अक्षता पडून. रुखवतात चकल्या-करंज्यांच्या मधोमध अण्णांनी तुटक्या तारांची रॅकेट मांडली होती आणि वऱ्हाडाला तिचं वजन सांगत होते. मला राग आला होता. अजून येतो. अण्णा थकलेत म्हणून बोलत नाही, इतकंच.

रॅकेट मात्र वाया गेली नाही. दर दिवाळीला मी तिनं गाद्या झोडते. परवा शेजारीण बघत उभी होती. “काय दणका बसतोय हो! दुकानात मिळंल का अशी?”

“न्हाय वो,” मी म्हटलं. “दुकानातल्या पुण्याला खेळायला जात्यात. खेळाडूच्या तेवढ्या हितं गाद्या झोडत्यात.”