कुंदावहिनीचं दुसरं ताट

कुंदावहिनीनं घरात पुरुष ठेवलाय, ही बातमी मला प्रेमिलानं दिली. देताना तिचा चेहरा असा फुलला होता की तिला तिथंच चहा पाजावासा वाटला. प्रेमिला म्हणजे वहिनीची शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत, आणि त्या भिंतीला प्रेमिलानं पाडलेली भोकं.

"रोज दोन ताटं वाढते, मनिरामभाऊ. एक तिचं, एक त्याचं. ताटाजवळ खर्र्याची पुडी पण असते जी. अन् भर दुपारी बोलते त्याच्यासंग."

"तो काय बोलते?"

प्रेमिलाचा चेहरा जरा उतरला. "बोलत नाई. खोकलते."

आता अशी बातमी ऐकून घरी बसणारा माणूस मी नाही. पण वहिनीबद्दल आधी थोडं सांगतो, म्हणजे ही बातमी एवढी मोठी का, ते कळेल.

आमचं गाव सौंदडच्या आत सात-आठ किलोमीटर. गावाला कोहळी समाजाच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेलं मोठं तळं आहे आणि त्याच्या पाळीत, म्हणजे बांधात, तुडुम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दगडी भोक, त्यात लाकडी बूच. बूच किती उचलायचं, किती दाबायचं, हे काम वहिनीच्या नवऱ्याच्या, उमरावच्या घराण्याकडे. उमराव बारा वर्षांपूर्वी टीबीनं गेला. तेराव्या दिवसानंतर बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी हवं होतं, तेव्हा गावानं इकडंतिकडं पाहिलं, तर कुंदावहिनी पदर खोचून पाळीवर उभी. तेव्हापासून तुडुम तिच्याकडे. मोठमोठे शेतकरी तिच्यापुढं हात जोडत आणि ती म्हणे, "कायले घाई करता जी? तुमच्या आधी रामलालचा नंबर आहे."

आमच्या गावात एक रीत आहे. पाणी बंद करायचं झालं तरी बूच पूर्ण दाबायचं नाही. बोटभर फट ठेवायची. अगदी शेवटच्या बांधीत कोणाचं तरी रोप तगून असतं, एखादी मासोळी चिखलात श्वास धरून असते. कोणाला तहानेनं मारायचं नाही. उमरावनं ही फट कधी चुकवली नाही, आणि त्याच्यानंतर वहिनीनंही.

गेल्या वर्षी धान कापणीनंतर वहिनी सुकायला लागली. खोकला, संध्याकाळचा ताप, खाल्लेलं अंगी लागेना. आरोग्य केंद्रातल्या नर्स नीतूनं थुंकी नेली, नागपूरला तपासायला पाठवली. टीबीच निघाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. मग गोंदियाला काही दिवस भरती, आणि सहा महिन्यांच्या नव्या गोळ्या. या चुकल्या तर पुढं देण्यासारखं फार थोडं उरतं, असं नीतूनं वहिनीच्या ओसरीवर तोंडाला मास्क लावून सांगितलं. मी तिथं होतोच. मी कुठं नसतो?

"पण मले झाला कसा?" वहिनीनं विचारलं.

"काकांकडूनच आला, काकी. त्यायच्या खोकल्यातून तुमच्या छातीत गेला अन् बारा वर्षं झोपून राहिला."

वहिनीनं छातीवर हात ठेवला. एखाद्या घरात कोणी आहे का, हे पाहायला दारावर हात ठेवावा तसा.

नीतू म्हणाली, "हा जंतू बडा चालू आहे. जागा असला की खाते, वाढते. धोका दिसला की खाणं बंद, वाढणं बंद, चुपचाप पडून राहते. जुन्या गोळ्या वाढणाऱ्याले मारत, झोपलेल्याच्या अंगावरून निघून जात. मग संशोधन करणाऱ्यायनं म्हटलं, झोपला तरी जगायले थोडी ताकद तर लागत असन ना? ती हा कुठं बनवते? पाहता पाहता सापडलं. त्याच्या अंगात एक इतकुसं चाक असते. कातडीच्या एका बाजूला साठवण, त्यातून आत धार सुटते, धारेवर चाक फिरते, अन् चाक फिरलं की ताकद."

"म्हंजे तुडुम," वहिनी म्हणाली.

"बस, तेच! ही पांढरी गोळी जाऊन त्या चाकात अडकते."

"अन् माझ्या अंगातलं तुडुम? तेही बसलं तर?"

"तुमचं वेगळ्या घडणीचं आहे. गोळी त्याले फारशी धरत नाई. तरी आपण हृदयाची पट्टी काढत राहू. ही पांढरी गोळी सोमवार-बुधवार-शुक्रवार, जेवणासंगच घ्यायची, उपाशीपोटी नाई."

माझ्या पुतण्याच्या, वीरेंद्रच्या कॅन्सरच्या वेळी नागपूरला त्याच्या शिरेत औषध घातलेली साखर सोडली होती आणि जी गाठ हावरट, ती फोटोत दिव्यासारखी लागली होती. ते मी नीतूला ऐकवलं. ती हसली. "सब एकही विद्या है, काका. कोण काय खातो ते पाहायचं, मग त्याच्यापुढचं ओढून घ्यायचं. कॅन्सरमध्येही तशा गोळ्या निघून राहिल्या."

वहिनीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "तुडुम बसलं की लगेच मरते का तो?"

"नाई. आधी साठवलेलं खाते. चार-पाच दिवस तर काही झालंच नाई असं वाटते. मग मरते."

"उपाशी."

"हो. उपाशी."

आम्ही चहा प्यायलो.

दोन महिने झाले. खोकला जायला हवा होता, गेला नाही. वजन वाढायला हवं होतं, वाढलं नाही. दुसऱ्या महिन्याच्या थुंकीत जंतू अजून जिवंत. नीतू बुचकळ्यात पडली, आणि त्याच आठवड्यात प्रेमिलानं मला दुसऱ्या ताटाची बातमी दिली.

शुक्रवार होता. दुपारी बारा-साडेबाराचा सुमार. मी वहिनीच्या घरामागच्या वाटेनं गेलो. एरवी त्या वेळेला कोंबड्या तरी असतात, कोणाचा तरी रेडिओ असतो. त्या दिवशी नव्हतं काही. ऊन असं की भिंतीची सावली भिंतीखालीच घुसलेली. खिडकीशी पोचलो आणि आतून आवाज आला.

"भाजीत मीठ कमी झालं का? बोला ना."

मग खोकला.

मी सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ खिडक्यांशी उभा राहिलोय, पण पाय असे कधी जमिनीला चिकटले नाहीत. तीन छोटे ठोके, एक लांब, आणि शेवटी दमल्यासारखं "हं". हा खोकला मला पाठ होता. तळ्याच्या पाळीवर, पारावर, लग्नाच्या मांडवात, त्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत ऐकलेला. उमराव समोरून यायचा त्याआधी त्याचा खोकला यायचा. बारा वर्षांपूर्वी त्याला मी स्वतः खांदा दिला होता.

पळावं की पाहावं, यात माझ्या स्वभावानं नेहमीचंच ठरवलं. मी आत डोकावलो.

दोन ताटं. एका ताटामागं वहिनी. दुसऱ्यामागं पाट, आणि पाटावर कोणी नाही. भाताची मूद, वरण, लाखोरीची भाजी, बाजूला उमराव खायचा त्या खर्र्याची, सुपारी-तंबाखूची पुडी. वहिनीनं घास घेतला, आणि पुन्हा खोकला आला. तिच्याच तोंडातून. तिच्याच छातीतून उमराव खोकला आणि शेवटी "हं" म्हणाला. मग तिनं तोंड पुसलं आणि आपल्या आवाजात म्हणाली, "सावकाश जेवा."

माझ्या हातून खिडकीचं दार वाजलं.

"या, भाऊजी," ती न वळता म्हणाली. "भिंतीमागं प्रेमिला असतेच. तुमीच बाकी होते."

मी ओसरीतून आत जाऊन उंबऱ्याशी बसलो. गंमत करायची म्हणून तोंड उघडलं, पण निघालं ते भलतंच. "वहिनी, कोण जेवून राहिलं?"

"हे."

"उमराव गेला ना जी."

"आगीत गेले ते गेले. त्यायच्या छातीतलं माझ्यात राहिलं ना? नीतूच बोलली. बारा वर्षं माझ्यासंग निजले, माझ्यासंग उठले, मले मालूमच नाई. आता कळलं, तर मी त्यायले उपाशी मारू?" ती अगदी शांत बोलत होती, तुडुमावरचा नंबर सांगावा तशी. "गोळ्या खाऊन राहिली मी. पांढरी सोमवार-बुधवार नीतूपुढं खाते. बाकीच्या रोज खाते. पण बूच पूर्ण दाबत नाई. तेवढी बोटभर फट ठेवते."

"फट कुठं?"

तिनं दुसऱ्या ताटाजवळची पुडी माझ्याकडे सरकवली. मी उघडली. सुपारी नव्हती, तंबाखू नव्हता. पांढऱ्या गोळ्या. चौदा. दर शुक्रवारच्या दोन, सात शुक्रवार.

नीतू शुक्रवारी दुसऱ्या गावाला असते. त्या दिवशीच्या गोळ्या ती विश्वासानं वहिनीच्या हाती ठेवून जाई.

माझ्या अंगावर काटा आला, तो खोकल्यानं आला नव्हता तेवढा. कारण चाकात गोळी अडकते, निघते, अडकते, निघते, आणि आतला तो त्या फटीशी बसून शिकत राहतो, हे मला दिसलं. हे मी एकदा पाहिलं होतं. आणि ते वहिनीला सांगणं भाग होतं. गावाच्या भानगडी मी साठ वर्षं वाटत आलो, ही एक तेवढी पोटात ठेवली होती.

"वहिनी, उमरावनं गोळ्या कायले सोडल्या होत्या, तुले मालूम आहे?"

"बरं वाटत होतं म्हणून."

"नाई. त्या गोळ्यायनं लघवी लाल होते. तळ्यावर मी पाहिलं अन् त्याचं नाव ठेवलं. लालपाण्या. चार दिवसांत गावभर झालं. लेकरंसुद्धा हाका मारत. त्याले वाटलं गोळ्या बंद केल्या की नाव जाईन. कधी घ्यायचा, कधी गाडून टाकायचा. मले सांगून हसला होता तो." मी पुडी तिच्याकडे परत सरकवली. "त्यातून जो वाचला, तो उमराव नाई वहिनी. उमरावले खाऊन जो वाचला तो हा. त्याले फट उमरावनं ठेवली, अन् उमरावले ती ठेवाले मी लावलं. खोकला उमरावचा वाटते, कारण उमरावच्याही छातीत खोकलणारा हाच होता."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, ताट फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या छातीतून खोकला आला. तीन छोटे, एक लांब. "हं."

तिनं या वेळी छातीवर हात ठेवला नाही. ती कोपऱ्याकडे, रिकाम्या पाटाकडे पाहत होती, जसं पाहुण्याला पहिल्यांदाच नीट पाहावं. मग तिनं हात लांब करून त्या शुक्रवारच्या दोन गोळ्या उचलल्या, स्वतःच्या ताटातला घास घेतला आणि गिळल्या.

"जा तुमी आता, भाऊजी," ती म्हणाली. "माझ्या दारी महिनाभर येऊ नका."

त्यानंतर मी नीतूकडे गेलो. ती चिडली, रडली, दोन्ही एकदम. सुटलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगितलं, पुन्हा थुंकी नेली. हा जंतू या नव्या गोळीलाही शिकलाय का, हे कळायला वेळ लागणार होता. ते दिवस मी कोणाला टोमणा मारला नाही; गावाला वाटलं, मलाच काही झालं. रिपोर्ट आला. शिकला नव्हता. थोडक्यात वाचली बाई. गोळ्यांचे महिने वाढवून दिले, आणि शुक्रवारी नीतू स्वतः येऊ लागली.

खोकला एकदम गेला नाही. आधी शेवटचं "हं" गेलं. मग लांब ठोका. प्रेमिला रोज मोजून मला सांगत असे, आज दोन, आज एक. एके दिवशी म्हणाली, आज नाई. आणि मोजायची बोटं तिनं मिटून घेतली.

गोळ्या संपल्या. थुंकी साफ. तरी दर सहा महिन्यांनी दोन वर्षं तपासायचं, म्हणून नीतू सांगायला आली, तेव्हा वहिनीनं मलाही बोलावलं. ती भरली होती, गालांवर मांस आलं होतं.

"पोरी, एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या वेळी नागपूरला नेली ती थुंकी. तिचं काय केलं?"

"बाटलीत वाढवली, काकी. जंतू वाढला की कळते ना, कोणती गोळी चालते. असा हट्टी निघाला तर तो जपून ठेवतेत. बरफापेक्षाही थंड कपाटात. पुढच्या लोकायच्या कामी येते."

"म्हंजे तिथं आहे तो? जिवंत?"

"झोपून आहे."

बाहेर पाण्याचा पाट वाहत होता, त्याचा आवाज येत होता.

"अन् वाढवला तेव्हा खाले काय दिलं त्याले?"

"अंडं असते त्या बाटलीत."

"अंडं!" वहिनीचा हात तोंडावर गेला. "अव्वा माय. त्यायनं जन्मात अंड्याले हात लावला नाई जी!"

नीतू हसायला लागली. मीही हसणार होतो, पण वहिनी हसत नव्हती. ती उठली, पश्चिमेकडच्या, नागपूरच्या रस्त्याच्या दाराशी गेली, आणि तिथंच उभी राहून तिकडे पाहत राहिली.