नीलिमाताईंचं परीक्षा केंद्र

आष्ट्यात नीलिमा कांबळेचा कॉम्प्युटर क्लास तिच्या घरातच होता. नवरा मिलिंद फौजेत, घरी सासू बनाबाई आणि ती. घराच्या पुढच्या सोप्यात चार कॉम्प्युटर. तिच्या भावानं, महेंद्रनं, पुण्याच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा राऊटर आणून दिला होता. त्याला वायरी लावायला भोकं चारच, म्हणून कॉम्प्युटरही चारच.

१९९९ साली तिला कॉम्प्युटरच्या परीक्षेचं केंद्र मिळायची संधी आली. अट एकच: दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले हवेत, कारण प्रश्नपत्रिका एका कॉम्प्युटरवरून बाकीच्यांवर जाणार. नीलिमानं खटपट करून सहा जुने कॉम्प्युटर मिळवले. राऊटरला एक स्विच, म्हणजे जास्त वायरी लावायची भोकांची पेटी, जोडून सोप्यात ठेवला, तिथून माजघरात वायर नेऊन दुसरा स्विच बसवला. उंदरांनी वायर कुरतडलीच तर म्हणून तिनं तसलीच आणखी एक ओढून ठेवली. तिचं सोप्यातलं टोक स्विचमध्ये होतं, माजघरातलं मोकळं लोंबत होतं. केंद्राची तपासणी करायला साहेब यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी दहाही कॉम्प्युटर बिनबोभाट चालले.

हा सगळा आटापिटा अकरा मुलींसाठी होता. त्यांना परीक्षेसाठी सांगलीला पाठवायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यात हुशार आसिया. तिचे वडील शमशेरभाई यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "गावात असंल तर देऊ द्या, ताई. सांगलीला पोरगी जायची न्हाई."

तपासणीचे साहेब अकराला आले. नीलिमानं प्रश्नपत्रिका पाठवली. एकाही कॉम्प्युटरवर ती उमटली नाही. दोन्ही स्विचचे हिरवे दिवे वेड लागल्यासारखे एकदम लुकलुकत होते. तिनं सगळं बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. वायरी दाबून पाहिल्या.

"बाई, किती वेळ?"

"काल चालत होतं हो, साहेब."

"काल मी नव्हतो."

तिनं पुण्याला फोन लावला, तर महेंद्र जागेवर नव्हता. एक वाजता साहेबांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं आणि ते निघून गेले. मुली दारातच उभ्या होत्या. नीलिमा भिंतीला टेकून खालीच बसली.

मग उठली आणि तिनं सगळ्या वायरी उपसल्या. एकेक परत लावत गेली. प्रत्येक वायरीनिशी एकेक कॉम्प्युटर जागा होत होता. शेवटी माजघरातल्या स्विचची एक वायर खोचली आणि दिव्यांनी पुन्हा थैमान मांडलं. तीच ती जास्तीची वायर. दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या होत्या. एकीनं गेलेला निरोप दुसरीनं परत यायचा आणि घाण्याच्या बैलासारखा गरगरत राहायचा. तिनं वायर उपटली. दहाही कॉम्प्युटर बोलायला लागले. तेव्हा अडीच वाजले होते.

"ती म्या खोचली सकाळी," बनाबाई मागून म्हणाली. "सायेब येणार, लोंबताना बरं दिसंना. तिच्यामुळं झालं का गं?"

नीलिमाच्या ओठांवर 'न्हाई' आलं होतं. पण तिला खोटं बोलता आलं नाही. "व्हय, आत्या."

बनाबाई दोन दिवस नीट जेवली नाही.

सांगलीच्या परीक्षा ऑफिसात नीलिमा तीनदा जाऊन आली. उत्तर एकच, पुढच्या वर्षी अर्ज करा. मग ती घरोघर फिरली. "मी सोबत जाते, दारात आणून सोडते," असं तिनं प्रत्येकीच्या आईबापाला सांगितलं. शमशेरभाईंच्या तर ती पाया पडायची बाकी राहिली.

"तुमच्यावर इस्वास हाय, ताई," ते म्हणाले. "पर लोकांची तोंडं कोण धरणार?"

परीक्षेच्या सकाळी एसटी स्टँडवर सात मुली आल्या. ड्रायव्हर हॉर्न देत राहिला आणि नीलिमा पायरीवर उभी राहून वाट बघत राहिली. आसिया आली नाही.

सातही जणी पास झाल्या. पुढच्या वर्षी केंद्रही मिळालं. पण त्याआधीच शमशेरभाई आसियाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मुलगा रहिमतपूरचा, दुकानदार. पत्रिका पुढं करताना त्यांची नजर वर होईना.

"तवा पाठवाय पायजे हुती, ताई," ते म्हणाले.

नीलिमानं पत्रिका घेतली आणि चहा टाकायला आत गेली.