कुत्रं शिरू नये म्हणून

दार ही वस्तू माणसाने कशासाठी शोधून काढली, हे माझ्या बायकोच्या भाचीला कोणीही पटवून देऊ शकलेलं नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. बायकोचं माहेर शनिशिंगणापूरचं. तिथे घराला चौकट असते, चौकटीला हळद-कुंकू असतं, फार तर एखादा पडदा असतो, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवली की गाव निर्धास्त झोपतं, बाकीचं शनिदेव बघतात. मी मूळचा कोल्हारचा. आता पुण्यात नगर रोडला राहतो (नगरची माणसं पुण्यात नगर रोडलाच राहतात, परत जायची वेळ आली तर सगळं शहर ओलांडायला नको म्हणून) आणि पोटासाठी चोरीचे विमे उतरवतो. माझ्या दाराला दोन कड्या, एक साखळी आणि बाहेरचं बघायला एक भिंग आहे. लग्नानंतर सासुरवाडीला पहिला मुक्काम केला तेव्हा मी पाकीट पोटाशी धरून झोपलो होतो, हे माझा मेहुणा अजून चारचौघांत सांगतो.

या मेहुण्याचं देवळाच्या वाटेवर तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. त्याच्या पोरीने रोज एसटीने नगरला जाऊन-येऊन चित्रकलेचा कोर्स पुरा केला आणि पुण्याच्या एका स्टुडिओने, मुलांसाठी कार्टूनपट करणाऱ्या, तिला शिकाऊ म्हणून बोलावलं. महिनाभर काम बघू, जमलं तर ठेवून घेऊ, असा करार. मेहुणा तिला आमच्याकडे सोडायला आला आणि निघताना तिच्यासमोरच म्हणाला, "जमलं तर ऱ्हा. न्हाई जमलं तर गुमान परत यायचं अन् दुकानात बसायचं. मंग चित्राचं नाव काढायचं न्हाई." पोरगी "व्हय" म्हणाली आणि त्या दिवशी ताटातली भाकरी तशीच टाकून उठली. बायकोच्या हातची भाकरी ताटात राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने आमच्या सोसायटीचा ताबा घेतला. बेलचं बटण तिने कधी दाबलं नाही. बंद दारासमोर उभं राहायचं आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "हाय का कोनी घरात?" शिंगणापुरात वाजवायला दारच नाही, तेव्हा माणूस आवाजच देणार. पहिल्यांदा तिने तो दिला तेव्हा कोणाचं तरी काही तरी झालं म्हणून वरच्या मजल्यावरची माणसं धावत खाली आली, आणि आलीच आहेत म्हणून तिने त्यांना घरात बसवून चहा दिला. दूध माझं. आमच्या समोर एक निवृत्त आजोबा राहतात. इतक्या वर्षांत मला त्यांचं नाकच तेवढं माहीत होतं, कारण साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून तेवढंच दिसे. एका संध्याकाळी कामावरून येतो तर त्यांचं दार सताड उघडं, भाची आत जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि आजोबा समोर खुर्चीत ताठ. ती त्यांचं चित्र काढत होती. चित्रात आजोबा हसत होते. मी आधी चित्राकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं, तर ते खरोखरच तसेच हसत होते. त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तिच्या चित्राबद्दल मी काय बोलावं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती काढायला लागली की मी टीव्ही बंद करायचो. जिभेचं टोक दाताखाली धरून ती पेन्सिल अशी सोडायची, की आमचाच गॅस, आमचीच दुधाची पिशवी कागदावर यायची आणि मला वाटायचं, अरे, ही एवढी देखणी होती होय! शहर बघतानाही तिचं तसंच. एका मॉलमध्ये आपोआप उघडणारं काचेचं दार पाहून ती तिथेच थबकली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. म्हणाली, "मामा, ह्ये बरं केलं ह्यांनी. दार हाय, पन कुनाला आडवत न्हाई." मग तिथल्याच पायरीवर बसून तिने ते दार काढलं. सुरक्षारक्षक उठवायला आला आणि स्वतःचं चित्र काढून घेऊन गेला.

स्टुडिओत काही वेगळं चालत नव्हतं. तिथल्या मुख्य सरांच्या काचेच्या खोलीपुढे उभं राहून तिने पहिल्याच दिवशी "हाय का कोनी?" केलं. सर समोर दिसत होते, तरी विचारण्याची रीत म्हणून विचारलं. तिच्या रंगांना कोणीही हात घालावा, तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी कोणीही खावी. मी रोज दाराच्या दोन्ही कड्या लावताना ती कौतुकाने बघायची. तिचा समज असा, की कुलूप लावणं हा मामांचा स्वभाव आहे. शहराची रीत आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते ध्यानात आलं महिना संपत आला तेव्हा, एका रविवारी सकाळी. पोहे खाताना ती सहज म्हणाली, "काल समद्यात शेवटी मीच निघाले. सर म्हनले हुते, जाताना बंद करून जा. केलं."

"कुलूप नीट ओढून बघितलंस ना?" मी धंद्याच्या सवयीने विचारलं.

"कुलूप कशाला? दिवे बंद केले, पंखे बंद केले. किल्ली खिळ्यालाच हाय, हरवली न्हाई. अन् कुत्रं शिरू नये म्हनून दाराला फळी लावली."

मी पोहे टाकून स्कूटर काढली. मागे बसलेल्या तिला वाटेत मी कुलूप म्हणजे काय ते ओरडून ओरडून समजावलं. ती एकदाच बोलली. "मंग आता दुकान," म्हणाली, आणि माझा शर्ट मागून घट्ट धरला.

स्टुडिओचं दार उघडंच होतं. आत लाखमोलाचे कॉम्प्युटर जागच्या जागी होते आणि सर येऊन बसले होते. चित्र काढायची फळी त्यांच्या मांडीवर होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, कुत्र्यासकट. शेवटी म्हणाली, "चुकलं सर. मला वाटलं, हितं समदी आपलीच मानसं हायेत."

असा दावा माझ्याकडे आला असता तर मीसुद्धा फेटाळला असता. तरी मी हात जोडले. म्हणालो, "सर, काय शिक्षा करायची ती करा. पण हिला परत पाठवलंत तर हिचं चित्र कायमचं सुटेल."

सरांनी तिच्या टेबलावरचा एक लांबलचक कागद उचलून आमच्यासमोर पसरला. कार्टूनपटातलं गाव तिने काढलं होतं. एकाही घराला दार नव्हतं. प्रत्येक चौकटीतून आतलं दिसत होतं. कोणी भाकरी थापत होतं, कोणी पोरीची वेणी घालत होतं, एका घरातला उजेड दुसऱ्याच्या अंगणात पडला होता.

"सकाळपासून हेच बघतोय," सर म्हणाले. "गोष्टीत आई दार लावून घेते. इथे दार कुठाय?"

"गाव भल्या मानसांचं हाय, आसं तुमीच सांगितलं हुतं," ती खाली बघत म्हणाली. "मंग दारं कशापायी?"

सरांनी कागदाची गुंडाळी केली आणि म्हणाले, "गोष्ट बदलू. तू राहा." आणि माझ्याकडे वळून, "पण किल्ली हिच्या हातात कोणी द्यायची नाही."

ती रडायला लागली. मी चित्रातून नजर काढू शकलो नाही. ती माझी सासुरवाडी होती. इतकी वर्षं मी तिथे पाकीट पोटाशी धरून झोपलो आणि हे काही मला दिसलं नव्हतं.

आता ती स्टुडिओजवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. आमचा जिना एकदम शांत झाला. समोरचे आजोबा विचारतात, "ती यायची आहे का?" मागच्या आठवड्यात बायकोने दिलेल्या बाजरीच्या भाकरी घेऊन मी तिच्याकडे गेलो. दार बंद होतं. दाराला नवीन भिंग. खाली कोपऱ्यात तिने झोपलेलं एक कुत्रं रंगवलेलं. बेलकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "हाय का कोनी घरात?"

आतून एक कडी निघाली, मग साखळी, मग दुसरी कडी. रंगाने भरलेले हात घेऊन ती दारात उभी राहिली. हसली, आणि ओठावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हळू! शेजारी काय म्हनतील?"

मी भाकरी दिल्या, चहा घेतला, तिची नवी चित्रं डोळे भरून पाहिली. निघालो तेव्हा मागे कड्या लागल्याचा आवाज आला. जिन्यात थांबून मी तो नीट ऐकला. दोन्ही लागल्या होत्या, मी शिकवल्या तशाच. मला फार वाईट वाटलं.