हिरवा राहिलेला वाफा
लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितोय, माफ करा. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वाळलेल्या लसूणघासाचा वास आला की अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरावरचं ते गारठलेलं शेत आठवतं. या चाऱ्याचा कुठला वाण हिवाळ्यात तगतो, हे बघायला कॉलेजकडून आम्ही तिथे वाफे पेरले होते. ऑक्टोबरात बाकी सगळे वाफे वाढ थांबवून, सुकून झोपी गेले, एकच हिरवागार उभा राहिला. शेतमालक खुशीत म्हणाला, “हा खरा पैलवान! गाईंच्या वैरणीला खालच्या अख्ख्या शेतात मी हाच पेरून टाकलाय.” मी चाचरत म्हणालो, “सर, थंडी पडूनही जो झोपत नाही, तो बर्फात मरतो.” “कॉलेजवाल्या, तुझ्या गावात बर्फ पडतो का रे?” तो हसला. वाऱ्यावर हलणारा तो हिरवा तुकडा मला बघवेना. मे महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला, “खाली एकही कोंब नाही. गाई काल विकल्या.”