कापसातलं भूत

आमच्याकडे वेचणी झाली की घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा असते. भाव चढेपर्यंत पुढची खोली छतापर्यंत भरलेली आणि आम्ही स्वयंपाकघरात अंग चोरून. नववीत असताना मी त्याच ढिगात खड्डा करून भुताच्या कादंबऱ्या वाचायचे. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. त्यामुळे गोष्टीतलं भूत नायिकेच्या मानेवर हात ठेवायचं, तेव्हा माझ्याही मानेवर काहीतरी चालायचं. एवढी सोय शहरातल्या मुलींना कुठली!

बाबांना ही पुस्तकं डोळ्यांपुढे नको असायची. "भूत-गीत काही नसते. कायले वाचून राह्यली हे?" म्हणून मी पुस्तक कापसातच खुपसून ठेवायचे.

एके दिवशी कादंबरीतली मुलगी वसतिगृहाच्या बंद दारापुढे उभी होती, आतून कोणीतरी तिच्याच आवाजात तिला हाक मारत होतं, आणि मला शाळेला उशीर होत होता. पुस्तक ढिगात खुपसलं आणि पळाले. परत येऊन पाहते तर खोली झाडून लख्ख. भाव चढला म्हणून बाबा कापूस गाडीत भरून वणीच्या जिनिंगवर विकायला गेले होते. मला रडूच फुटलं. ती मुलगी मरते की वाचते, हे आता फक्त सरकीला कळणार होतं.

बाबा अंधार पडता पडता आले. आईने भाव विचारला. तो सांगून ते माझ्याकडे वळले. आता बसतो धपाटा, असं वाटलं.

"ते पोरगी दार उघडते का वं?"

झालं असं, की जिनिंगवर गाड्यांची ही मोठी रांग. ताडपत्री सारखी करताना कापसातून रक्ताळलेल्या पंजाचं मुखपृष्ठ वर आलं. वेळ जाईना म्हणून बाबांनी उघडलं. आजूबाजूचे गाडीवाले जमले, मग मोठ्याने वाचावं लागलं. नेमके गोष्टीतल्या त्या बंद दाराशी आले आणि बाबांचा नंबर लागला. मागच्या गाडीतल्या मुकुटबनच्या शेतकऱ्याने पुस्तक हातातून ओढूनच घेतलं.

"मी बी तिथवरच वाचलं, बाबा," मी म्हणाले.

त्यानंतर बाबा हातपाय धुवायला मागे गेले, ते मला दारात उभं करून. त्यांना घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, ते मला इतके कधी आवडलेही नव्हते.

सकाळी मोटरसायकलवर आम्ही मुकुटबनला पोचलो आणि विचारत विचारत त्या शेतकऱ्याचं घर गाठलं. दारात त्याची बायको, पुस्तकात बोट घालून.

"थांबा जी, दोनच पानं राह्यली."

आम्ही ओट्यावर बसलो. "शेवट सांगू नका बरं आमाले," बाबा म्हणाले. तिने शेवटचं पान संपवलं, उठली आणि भर उन्हात मागच्या दाराला कडी घालून आली. मग पुस्तक बाबांपुढे धरलं.

बाबांनी हात मागे घेतला.

"तू वाच वं," ते मला म्हणाले. "मी बसतो तुह्याजवळ."

आणि ओट्यावर एवढी जागा असताना मला अगदी चिकटून बसले.