वरण शिजल्याशिवाय बारा

माझ्या घरात दुपारचे बारा कधी कधी दोनदा वाजायचे, कारण माझी बायको कौसल्या घड्याळाचे काटे मागे सारायची. मी पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचो. बाराचा भोंगा झाला की सायकल मारत जेवायला घरी यायचो. येऊन पाहतो तर गंजात वरण रटरटतंय आणि कोनाड्यातल्या गजराच्या घड्याळात पावणेबारा.

“अवं, भोंगा झाला ना!” मी ओरडायचो.

“भोंग्याले काय समजते? वरण शिजल्याशिवाय बारा कसे वाजतीन?”

असं म्हणून पदराने घड्याळाची काच पुसायची, जशी काही चूक त्या घड्याळाचीच होती. पन्नास वर्षं मी या बाईशी भांडलो. एकदाही जिंकलो नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. ती तेवढीही नाही. औषधाची चिठ्ठी आली तर उलटी धरायची आणि मान हलवायची. घड्याळ मात्र तिला कळायचं, आणि कळायचं म्हणूनच ते बिचारं तिच्या तावडीत सापडलं. पाहुणे गाडीला निघाले आणि तिला त्यांना चहा पाजायचा असला की लगेच दहा मिनिटं मागे. एकदा माझ्या साळ्याची इटारसीची गाडी अशीच सुटली. तो स्टेशनावरून परत आला, तर म्हणते, “बरं झालं. आता जेवूनच जाजो.”

माझा मुलगा दिलीप मोहगावकडे शेती करतो. त्याची मुलगी प्राची बारावी झाली आणि नर्सिंगला जायचं म्हणाली. त्याची प्रवेश परीक्षा असते. शिकवणी पांढुर्ण्यात, म्हणून पोरगी आमच्याकडे राहायला आली. शिकवणीच्या सरांनी नियम घालून दिला होता, दर रविवारी घरी दोन तासांचा सरावाचा पेपर सोडवायचा, मोबाइल जवळ ठेवायचा नाही आणि वेळ घरातल्या मोठ्या माणसाने लावायची.

मी म्हणालो, मी लावतो. कौसल्या म्हणाली, “तुमाले बसल्या बसल्या झोप लागते.” मोबाइल तिने पिठाच्या डब्यात टाकला, घड्याळ मांडीवर घेतलं आणि दारात पाट टाकून बसली. झाली परीक्षा घेणारी बाई!

पोरीला शंभरातले अठ्ठ्याहत्तर यायचे, ऐंशी यायचे. एकदा त्र्याऐंशी आले. सरांनी वर्गात तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. कौसल्याने गल्लीत गूळ वाटला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, “माह्या देखरेखीत शिकून राहिली ते.” मी म्हणालो, एवढी नाचू नको. ऐकते थोडीच.

खरी परीक्षा छिंदवाड्याला झाली. निकाल लागला तर पोरीला एकसष्ट. नंबर लागला नाही.

सर म्हणाले, घाबरली असेल. दिलीप आला तो तोंड पाडून. म्हणाला, “बाबा, आणखी एक साल पाह्यतो. नाई जमलं त घरी नेतो. पाहुणे विचारूनच राहिले.” पाहुणे म्हणजे मुलाकडचे. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मीही तिला बोललो. माझी जीभ कधी कोणाला गोड लागली नाही.

“घरी ऐंशी आणि तिथं एकसष्ट? तिथं का पेन चालत नव्हता?”

ती वळली. “आबा, पेपर सोपा होता. टाइम पुरला नाई. वीस सवाल त मी वाचलेच नाई.”

“घरी कसा पुरे मग?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “घरी मी पुरवत होती ना.”

आम्ही तिघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिलो. कौसल्या हातात चमचा घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही.

“पुरवत होती म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! पोरगी पाणी प्याले उठली, पाच मिनिटं मागं. बाजूची मिरच्या मागाले आली, कानाशी कचकच केली, दहा मिनिटं मागं. मी चहा देला, तो गरम होता. चहा प्याचा टाइम का परीक्षेत धराचा?”

“आणि सांगितलं नाहीस?”

“तुमी विचारलं होतं का?”

मी कपाळावर हात मारला. दिलीप उठून बाहेर गेला. आजीचे दोन तास म्हणजे जगाचे अडीच तास, हे आम्हाला निकाल लागल्यावर कळलं. पोरगी आधी हसली, मग जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. चार दिवस ती आजीशी बोलली नाही. भाजी मागायची तीसुद्धा माझ्याकडे. “आबा, त्यांना म्हणा, भाजी वाढा.”

पाचव्या दिवशी कौसल्या दवाखान्यातली चिकटपट्टी घेऊन बसली. घड्याळामागच्या काटे फिरवायच्या चावीवर तिने आडव्या-उभ्या चार पट्ट्या मारल्या आणि घड्याळ पोरीपुढे ठेवलं.

“घे. आता याचा कान कोणी पिळत नाई. मीबी नाई.”

त्या वर्षी ही बाई अशी कडक झाली की विचारू नका. मला आधीची परवडत होती. रविवारी दुपारी तीन ते पाच आमच्या घरात खोकायचीसुद्धा चोरी. भाजीवाला ओरडला की ही काठी घेऊन बाहेर. शेजारणीच्या तोंडावर दार लावलं. मला बाहेर ओट्यावर हाकललं, कारण म्हणे माझा श्वास मोठ्याने चालतो. पोरीने पाणी मागितलं तर मानेनेच नाही. मार्क आले अठ्ठावन्न. पोरगी हिरमुसली, तर म्हणाली, “खोट्या ऐंशीनं काय झालं? खरे अठ्ठावन दिसू दे. मग चढवू.” आणि चढलेही. त्रेसष्ट झाले, मग अडुसष्ट, मग एकोणसत्तर.

ऊन तापायला लागलं होतं. परीक्षेला महिना राहिला असेल. तो रविवार होता. मी साडेचारच्या सुमारास चहा मागायला ओट्यावरून आत डोकावलो. कौसल्या पाटावर बसलेली, घड्याळ मांडीवर, एक हात छातीवर दाबलेला. कपाळावर घाम. पोरगी पाठमोरी लिहीत होती. मी खुणेने विचारलं, काय झालं? तिने ओठावर बोट ठेवलं. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर असे डोळे वटारले की मी थांबलो. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग हाताची पाच बोटं उघडून-मिटून पाच वेळा दाखवली. पंचवीस मिनिटं.

मला वाटलं, गॅस झाला असेल. तिला व्हायचा. मी ओट्यावर जाऊन बसलो. बसलो! पन्नास वर्षांत या बाईचं कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं ते त्या दिवशी.

पाच वाजता आतून तिचा आवाज आला. “टाइम झाला, माय. पेन ठेव.” आणि मग, “मले जरासं पाणी दे.”

दवाखान्यात म्हणाले, नागपूरला न्या. गाडीत तिचं डोकं पोरीच्या मांडीवर होतं. मी पायाशी. डोळे न उघडता विचारते काय, तर “पेपर तपासला का?”

“तू चूप राह्य ना व!” मी ओरडलो. मी तिला शेवटचं बोललो ते हेच.

“नाई तपासला, आजी,” पोरगी म्हणाली.

“तपास. बरा गेला दिसते.”

वाटेत सावनेर यायच्या आत संपलं.

तेरवी झाल्यावर पोरीने तो पेपर काढून तपासला. चौऱ्याहत्तर. पंधरा-वीस दिवसांनी छिंदवाड्याला खरी परीक्षा दिली, त्यात पंचाहत्तर. नंबर लागला. दिलीपने पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं.

ती कॉलेजला जायला निघाली त्या सकाळी मी तिला ती पंचवीस मिनिटं सांगितली. लपवून ठेवणं मला जमत नाही. तिने बॅगेची चेन ओढून लावली. मी विचारलं, “तवाच नेलं असतं त वाचली असती का?”

“मले आत्ता नाई सांगता येत, आबा,” ती म्हणाली. “शिकून आली का सांगतो. खरं असंन तेच सांगीन.”

आता घरात मी एकटा आहे. वरण मीच लावतो, पातळ होतं. जिनिंगचा भोंगा बंद होऊन वर्षं झाली. घड्याळ कोनाड्यात आहे, चिकटपट्टी तशीच. तिच्यावरचा राग मात्र जात नाही. माझ्या साळ्याच्या चहासाठी तिने काटे मागे घेतले, शेजारणीच्या मिरच्यांसाठी घेतले. स्वतःच्या जिवासाठी ती पट्टी काढून पेपर थांबवायला काय झालं होतं? काढली असती तर मी ओरडलो असतो, पोरगी रुसली असती, दुसऱ्या रविवारी दुसरा पेपर झाला असता.

वरण शिजलं नव्हतं, कौसल्या. कशाले बारा वाजवले?