सूर्यमाळला रिंग दाखवते म्हणाले होते

सायली, हातातलं काम ठेव आणि आधी हे ऐक! परवाच मोखाड्याहून आलेय, अजून कुणालाच सांगितलं नाहीये, पोटात मावत नाहीये माझ्या!

तुला माहितीये ना, मी आणि आदित्य सुट्टीला टेलिस्कोप घेऊन जव्हार-मोखाड्याच्या शाळांमध्ये जातो. टेलिस्कोप त्याचा, बडबड माझी. आपण जातो आकाश दाखवायला आणि परत येताना बॅगेत नुसते किस्से. एक सांगायला घेतला की मागून चार धक्के मारत येतात. या वेळचे तर सगळे एकाच ग्रहाचे. शनीचे!

आधी भोये सर कोण ते सांगते. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर शाळा आहे, तिथे ते विज्ञान शिकवतात. तिथलेच आहेत, घरी भात-नाचणीची शेती. या महिनाअखेरीला रिटायर होणार. एकोणतीस वर्षं पोरांना शनीची रिंग शिकवली आणि स्वतः एकदाही बघितली नाही! फोनवर मला म्हणाले, "मॅडम, जायच्या आधी एकदा बघायचीय."

मी म्हणाले, "सर, रिंग दाखवते. प्रॉमिस!"

*

एसटीत बसल्यावर हे आदित्यला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय प्रॉमिस केलंस?"

"रिंग दाखवायचं."

"या महिन्यात?"

मग त्याने सांगितलं. शनी जरा कलून फिरतो. त्यामुळे दर पंधराएक वर्षांनी अशी वेळ येते की त्याची रिंग आपल्याकडे बरोब्बर कड करून असते. ताट आडवं धरून डोळ्यासमोर आणलं तर कसं दिसेल, तशी. आणि ती वेळ नेमकी आत्ता! "रिंग नाही दिसणार, रेघ दिसेल. बारीकशी."

"मग आधी सांगायचंस ना!"

"तू प्रॉमिस करताना मला विचारलंस?"

एवढ्यात जव्हारला एक काका चढले. कुठल्याशा सरकारी ऑफिसात क्लार्क. टेलिस्कोपची पेटी बघून विचारलं, कुठं चाललात? म्हटलं, शनी बघायला. काकांनी आपली बॅग उचलली आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. वर मागे वळून म्हणतात कसे,

"अहो, शनीनं आपल्याकडे बघू नये म्हणून मी दर शनिवारी तेल वाहतो. आणि तुम्ही आपणहून त्याच्याकडे बघायला चाललाय? तेही भिंग लावून?"

*

संध्याकाळी शाळेच्या मैदानात अख्खा पाडा जमला. शंभरेक पोरं, त्यांच्या आया, आज्या, सगळे. अंधार पडेपर्यंत माझी बडबड चालू. मी म्हटलं, शनी दिसायला एवढा राक्षस, पण पाण्यापेक्षा हलका! एवढा मोठा टब मिळाला आणि त्यात पाणी भरलं, तर शनी तरंगेल!

पहिल्या रांगेत एक आजी बसली होती. तिथे उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात ते तुला माहितीये. ती म्हणाली, "काय गे पोरी, एवढं पानी गावलं, तर त्याच्यात शनी कशाला टाकायचा? आधी आमचे हंडे भर ना!"

आदित्य हसून हसून ट्रायपॉडवर पडायचा बाकी होता.

*

मग मी म्हटलं, शनीवर उभं राहायला जमीनच नाही, सगळा वायू. पाय टेकवायला गेलात तर आत आत जात राहाल.

मागून एक माणूस उठला. त्याच्या वनजमिनीच्या पट्ट्याची फाइल कित्येक वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय म्हणे. तो शांतपणे म्हणाला, "जमीनच नाय? मंग बरंय. कुनाला अर्ज करायला नको."

*

पण मला सगळ्यात आवडला तो रघू. बायकोमुलांना घेऊन आला होता. मी सांगत होते, रिंग म्हणजे अख्खी कडी नव्हे, बर्फाचे तुकडे आहेत. काही वाळूएवढे, काही घराएवढे, सगळे शनीभोवती गरागरा फिरतायत.

रघूने हात वर केला. "मॅडम, मी ठाण्याला दोन साल बर्फाच्या कारखान्यात होतो. एवढा बर्फ उघड्यावर, आणि पिघळत नाय? भुसा कोनचा लावतात?"

अगं, मला खरंच भारी वाटलं! इतक्या शाळांमध्ये हे बोललेय, पण तो बर्फ टिकतो कसा हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, सूर्य तिथून इतका लांब आहे की ऊन लागतच नाही म्हटलं तरी चालेल. भयंकर थंडी.

रघूने जरा विचार केला. "हां. मंग भुसा नको. पन गिऱ्हाईक पन नाय."

*

आता भोये सर. हा माणूस सगळा वेळ मागे उभा होता. पोरांची रांग लाव, आजीला खुर्ची दे, कुणाच्या खिशातला टॉर्च काढून घे. मी म्हटलं, सर, तुम्ही पहिले या ना. तर म्हणाले, "पोरं होऊ देत."

आदित्यने माइकवर सांगितलं की शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे शनीवरचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं.

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि जोरात हसले. "म्हणजे माझी सर्व्हिस एकाच वर्षाची झाली की! आणि हे लोक मला म्हातारा झाला म्हणून घरी पाठवतायत!"

सगळं मैदान हसलं. मी पण हसले, पण डोळे रांगेवर. कारण पोरं एकेक करून टेलिस्कोपला डोळा लावत होती आणि म्हणत होती, "मोत्यातून सुई गेलीय!" इतकंच. सुई. रिंग नाही. आणि रांग संपत आली होती.

*

आता हे नीट ऐक.

आदित्यच्या लॅपटॉपमध्ये याच टेलिस्कोपमधून काढलेला शनीचा व्हिडिओ आहे, काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा रिंग छान उघडी होती. टेलिस्कोपला कॅमेरा जोडला की चित्र लॅपटॉपवर दिसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मी हळूच म्हटलं, "कॅमेरा जोड आणि तो व्हिडिओ लाव. कुणाला कळणारे?"

"तू वेडी आहेस का?"

"एकोणतीस वर्षं, आदित्य! महिनाअखेर त्यांची शाळा सुटतेय!"

त्याने लावला. बघत होता माझ्याकडे, पण लावला.

आणि काय दिसलं म्हणून सांगू! सोनेरी गोळा, भोवती रुंद रिंग, मधली काळी फट, सगळं! पोरं ओरडली, "पुस्तकातला शनी! पुस्तकातला शनी!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! आजी खुर्चीतून उठून उभी राहिली.

भोये सर स्क्रीनसमोर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले,

"छान आहे मॅडम. आता खरा दाखवा."

सायली, कानशिलं तापली माझी! आदित्यने कॅमेरा काढला, डोळा लावायचं भिंग परत बसवलं. सर वाकले. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, सॉरी सर, या वर्षी रिंग अशीच दिसते, माझं चुकलं...

सर हललेच नाहीत. मध्ये एकदा शनी भिंगातून सरकला, आदित्यने परत आणून दिला. ते परत वाकले. शेवटी सरळ झाले तेव्हा चेहरा असा, जसं कुणी हातात बाळ दिलंय.

"केवढी बारीक!" म्हणाले. "काय पसारा त्या रिंगेचा, आणि कडेनं बघितली तर दोऱ्याएवढी पण नाय! रिंग पातळ असते, पातळ असते, दरवर्षी पोरांना सांगतो. पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगायचो. आज बघितलं, मॅडम! उघडी असती तर हे दिसलं असतं का?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. रागावलेले अजिबात नव्हते गं, तेच तर! शाळेचा माइक उचलला, फुंकर मारून चालू आहे ना बघितलं आणि माझ्या हातात दिला.

"पोरांनी मघाशी टाळ्या वाजवल्या ना? त्या कशाला वाजवल्या, ते आता तुम्हीच सांगा त्यांना."

शंभर पोरं माझ्याकडे बघतायत. रघू बघतोय. आजी बघतेय. माइक चालू.

सांग ना सायली, तू काय केलं असतंस?